वृद्धाश्रमात कुत्रा घेऊन जायचं असेल तर

‘आमचा ब्रूनो सगळ्यांशी खेळतो, त्याला वृद्धाश्रमात नेऊ का?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘इतक्यात नको’ असंच द्यावं लागतं. सगळ्यांशी खेळणारा कुत्रा लोकांच्या अंगावर उड्याही मारतो. तीस किलोचा लॅब्रेडॉर प्रेमाने जरी मांडीवर पुढचे पाय टाकू लागला, तरी हाडं ठिसूळ झालेल्या आजींसाठी ते प्रेम महागात पडतं. उतारवयात त्वचा पातळ होते, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नखाचा साधा ओरखडाही काळानिळा पडतो. इथे हवा असतो तो अनोळखी माणसाजवळ आपणहून जाणारा, जवळ उभा राहणारा आणि हात फिरवून घेणारा कुत्रा. नुसतं सहन करणारा नको. सहन करणारा कुत्रा दहा भेटी निमूट काढतो आणि अकराव्या भेटीत गुरगुरतो. मग लोक म्हणतात, अचानक झालं. खरं तर तो आधीच्या दहाही भेटींत सांगत असतो, फक्त कुणी पाहिलेलं नसतं.

वय किमान एक वर्ष हवं, दोन पूर्ण झाली असतील तर उत्तम. कुत्रा तुमच्या घरी येऊन निदान सहा महिने झालेले असावेत, कारण त्याचं नेहमीचं वागणं माहीत नसेल तर बिघडलेलं वागणं ओळखता येत नाही. जातीला फार महत्त्व देऊ नका. आपल्या दमट हवेत आखूड केसांचा शांत देशी कुत्रा फार चांगलं काम करतो. पग, शित्झू असे चपट्या नाकाचे कुत्रे मांडीवर छान बसतात, पण एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात ते दहा मिनिटांत धापा टाकायला लागतात.

आधी घरी तपासा

याला सहा ते आठ आठवडे द्या. पहिली तपासणी आवाजाची. स्टीलचं ताट फरशीवर पाडा, काठी आपटा, वॉकर टकटक करत खोलीतून फिरवा. कुत्रा दचकला तर हरकत नाही; तीन-चार सेकंदांत सावरून तो वास घ्यायला पुढे आला की झालं. पलंगाखाली जाऊन मिनिटभर बाहेरच आला नाही, तर त्याला या कामाला लावू नका. व्हीलचेअर मेडिकलच्या दुकानातून भाड्याने मिळते. आधी ती नुसती ठेवा, मग रिकामी ढकला, मग त्यात कुणाला तरी बसवा.

दुसरी तपासणी स्पर्शाची. कंपवात झालेल्या हाताने थोपटलं जातं तेव्हा थाप पडल्यासारखी पडते. बोटं आखडलेली असतील तर केस मुठीत धरले जातात आणि चटकन सुटत नाहीत. ओळखीच्या माणसाला कुत्र्याचे कान, पंजे, शेपूट हलकेच चार-पाच सेकंद धरायला सांगा. या वेळी माणसाकडे नका पाहू, कुत्र्याच्या तोंडाकडे पाहा. तो मान फिरवतो का, ओठ चाटतो का, अंग ताठ करतो का? गुरगुरला तर रागावू नका. गुरगुरण्याबद्दल शिक्षा झालेला कुत्रा पुढच्या वेळी न गुरगुरता थेट चावतो.

तिसरी सर्वांत सोपी, आणि नेमकी तीच बहुतेक जण करत नाहीत. अनोळखी माणसाने कुत्र्याच्या छातीवर किंवा खांद्यावर तीन-चार सेकंद हात फिरवायचा आणि मागे घ्यायचा. कुत्रा पुढे सरकला, टेकला, हाताला नाक लावलं, तर त्याला हवंय. जागच्या जागी उभा राहिला किंवा अंग झटकून बाजूला झाला, तर नकोय. हे पाच वेगवेगळ्या माणसांबरोबर करून पाहा, त्यात दोन तरी वयस्कर असू द्या. पाचांपैकी चौघांकडे आपणहून परत जाणारा कुत्राच पुढच्या पायरीला न्यावा.

मग गर्दी. संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीला किंवा नवी मुंबईत वाशीच्या एखाद्या सेक्टरच्या बाजारात पट्टा सैल ठेवून चालता आलं पाहिजे. खाली पडलेला वडा पाहून ‘सोड’ म्हटल्यावर मान वळली पाहिजे. ‘सोड’ इतकं पक्कं करून घ्या की झोपेतही कळेल. त्याचं कारण पुढे येईलच. आज्ञा मराठीतही शिकवा. ‘सिट’वर बसणाऱ्या कुत्र्याला आजोबा तीनदा ‘बस रे’ म्हणतात, तो ढिम्म हलत नाही आणि आजोबांचा हिरमोड होतो. ‘बस’, ‘थांब’, ‘ये’, ‘सोड’ एवढं पुरे.

डॉक्टर आणि कागद

रेबीजची लस दरवर्षी, वेळेवर. बाकीच्या रोगांची एकत्रित लसही दरवर्षी, आणि त्यात लेप्टोस्पायरोसिसचा भाग असल्याची खात्री करा. पावसाळ्यात उंदरांच्या मूत्राने दूषित झालेलं पाणी इथे सगळीकडे साचतं आणि कुत्रा तो रोग माणसांपर्यंत आणू शकतो. दर तीन महिन्यांनी जंतांचं औषध. गोचिडांसाठी पोटातून द्यायची गोळी बरी. मानेवर टाकायचं औषध केसांना तेलकट चिकटून राहतं आणि ते आजींच्या हाताला लागतं. तेच वापरत असाल तर दोन-तीन दिवस भेट टाळा. कच्चं मांस खाणारा कुत्रा नेऊ नका. तो ठणठणीत असला तरी त्याच्या लाळेतून आणि विष्ठेतून साल्मोनेलासारखे जंतू पसरू शकतात, आणि आश्रमातल्या माणसांची प्रतिकारशक्ती तुमच्या-आमच्यासारखी नसते. जुलाब, खोकला, त्वचेचा संसर्ग झाला असेल तर पूर्ण बरा झाल्यावरही एक आठवडा जाऊ द्या. मादी माजावर असताना सुमारे तीन आठवडे सुट्टी.

फाइलमध्ये लसीकरणाचं पुस्तक, महापालिकेचा परवाना आणि गेल्या सहा महिन्यांतला पशुवैद्याचा तपासणीचा दाखला ठेवा. कुत्र्याचा विमा काढला असेल तर त्यात तिऱ्हाइताला झालेल्या इजेची भरपाई येते का, तेही वाचून घ्या. नुसते पैसे भरून ऑनलाइन मिळणारी ‘थेरपी डॉग’ची प्रमाणपत्रं घेऊ नका. असा कागद दाखवला म्हणून तुम्हाला कुठेही शिरण्याचा हक्क मिळत नाही. आत घ्यायचं की नाही हे आश्रमाचे व्यवस्थापक ठरवतात. त्यापेक्षा एखाद्या अनुभवी प्रशिक्षकाला घरी बोलावून कुत्रा पारखून घ्या. आणि कुत्र्याकडून इजा होऊ नये याची काळजी घेणं ही तुमची कायदेशीर जबाबदारीही आहे: भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

पहिली भेट कुत्र्याशिवाय

व्यवस्थापक आणि सिस्टर, दोघांनाही भेटा. होकार व्यवस्थापक देतात, पण कोणाला दमा आहे, कोणाला लहानपणी कुत्रा चावला होता, कोणाची जखम चिघळली आहे, हे सिस्टरना आणि मावशींना ठाऊक असतं. उघड्या जखमा, बेडसोअर, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, केमोथेरपी, संसर्गामुळे वेगळं ठेवलेले रुग्ण आणि कुत्र्याची ॲलर्जी असलेले, एवढ्यांकडे जायचं नाही. बाकीच्यांत ज्यांना भेटायचंय त्यांचीच यादी करा. ‘सगळ्यांना हॉलमध्ये बसवतो, तुम्ही फिरवा कुत्रा’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. कुत्र्याला घाबरणारे आजोबा चारचौघांत ‘मला नको’ म्हणत नाहीत, खुर्ची घट्ट धरून बसून राहतात.

धर्माचं आणि सोवळ्याचं भान ठेवा. देवघर किंवा प्रार्थनेची जागा कुठे आहे ते आधी विचारा आणि तिथून लांब राहा. कुत्र्याची लाळ लागली तर काही मुस्लिम आजी-आजोबांना नमाजाआधी अंग, कपडे धुवावे लागतात; त्यांना लांबूनच पाहायला आवडेल का ते विचारा. पूजा व्हायची असताना काहींना कुत्रा शिवलेला चालत नाही, पूजा झाल्यावर चालतो. दुसऱ्या बाजूने, दत्ताच्या फोटोतले चार कुत्रे प्रत्येकाला माहीत असतात आणि खंडोबाची माणसं कुत्र्याला वाघ्या म्हणून हात जोडतात. कुंकू लावायला बोट पुढे आलं तर अडवायचं कारण नाही, फक्त ते डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि घरी आल्यावर पुसून टाका.

जागा पाहताना फरशीकडे लक्ष द्या. गुळगुळीत टाइल्सवर कुत्र्याचे पाय घसरतात, घसरला की घाबरतो आणि मग पुढच्या वेळी दारातूनच आत यायला तयार होत नाही. दोन रबरी मॅट किंवा योगासनांची चटई बरोबर नेली की प्रश्न सुटतो. आणखी एक गोष्ट हटकून राहते, ती म्हणजे गेटवरचे भटके कुत्रे. वॉचमन त्यांना खायला घालत असतो आणि परका कुत्रा दिसला की सगळे मिळून धावून येतात. वॉचमनला आधी भेटा, तुमच्या वेळेला त्यांना मागच्या बाजूला खायला घालायला सांगा आणि गाडी पोर्चपर्यंत नेण्याची परवानगी घ्या. आत शिरण्याआधीच भांडण झालं तर त्या दिवशी परत फिरा. तणावातून कुत्रा पाच मिनिटांत सावरत नाही.

वेळ ठरवताना आश्रमाचा दिवस समजून घ्या: आंघोळ-नाश्ता, बाराच्या सुमारास जेवण, मग झोप, चारला चहा. साडेदहा किंवा सव्वाचार या दोन वेळा बऱ्या. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांकडे मात्र सकाळीच जा. संध्याकाळी त्यांच्यातल्या अनेकांची अस्वस्थता वाढते. महिन्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. दर आठवड्याला जाऊ असं सांगून दोन महिन्यांत बंद पडण्यापेक्षा हे बरं, कारण वाट पाहणारी माणसं सकाळपासून तयार होऊन बसलेली असतात.

आदला दिवस आणि पिशवी

नखं दोन दिवस आधी कापा आणि कानशीने घासून गोल करा. नुकत्याच कापलेल्या नखाची कड धारदार असते. पायाच्या आतल्या बाजूचं वरचं नख विसरू नका, सगळ्यात जास्त ओरखडे तेच काढतं. आंघोळ भेटीच्या आधीच्या २४ तासांत, सौम्य, बिनवासाच्या शाम्पूने. पावसाळ्यात मुळापर्यंत कोरडं करा, नाहीतर ओल्या केसांचा कुबट वास खोलीभर पसरतो. दात घासा, कान पुसा. जेवण निघण्याआधी तीन तास, नेहमीपेक्षा कमी.

पिशवीत: चार ते सहा फुटांचा साधा पट्टा (आपोआप लांब होणारा नको, त्याची दोरी पायांत अडकते आणि वृद्ध माणूस पडतो), हार्नेस, पाण्याची बाटली आणि वाटी, दोन टॉवेल, दोन धुतलेल्या चादरी, सॅनिटायझर, ओले वाइप्स, केस काढायचा चिकट रोलर, विष्ठेसाठी पिशव्या, जुनी वर्तमानपत्रं आणि लांब दांड्याचा लाकडी चमचा. ओढली की गळा आवळणारी चोक चेन अजिबात नाही. हा हार्नेस फक्त भेटीलाच वापरा. काही भेटींनंतर तो चढवला की आता शांत राहायचंय हे कुत्र्याला कळायला लागतं.

प्रवासही भेटीतच धरा. घोडबंदर रोडवर तासभर अडकलेला कुत्रा पोहोचतो तेव्हा निम्मा थकलेला असतो. अर्ध्या तासाच्या आतला आश्रम निवडा. रिक्षाने जायचं तर चालकाला आधी विचारा आणि सीटवर चादर टाका. पोहोचल्यावर पंधरा मिनिटं बाहेर फिरवा, शी-शू होऊ द्या, पंजे पुसा. उन्हाळ्यात रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता येत नसेल तर त्यावरून कुत्र्याला चालवू नका.

आत गेल्यावर

एका वेळी एक माणूस, पाच ते सात मिनिटं. एकूण सहा-सात जण, पंचेचाळीस मिनिटांवर नाही, आणि मध्ये पाण्यासाठी बाहेर एक फेरी. पहिल्या दोन भेटी तर वीस मिनिटांतच संपवा.

आधी तुम्ही बोला, मग कुत्रा. दारातून ‘नमस्कार, भेटायचंय का याला?’ असं विचारून उत्तराची वाट पाहा. सरसकट आजी-आजोबा म्हणू नका. आयुष्यभर शाळेत शिकवलेल्यांना ‘बाई’ किंवा ‘सर’ ऐकायला आवडतं, काहींना काका-काकू. गेल्या वेळी ‘हो’ म्हणाले होते म्हणून या वेळी गृहीत धरायचं नाही.

व्हीलचेअरचे ब्रेक लागलेत का ते स्वतः पाहा. कुत्र्याला समोरून न नेता बाजूने आणा आणि खुर्चीला समांतर उभा करा, म्हणजे हात थेट पाठीवर पडतो, शेपूट चाकाखाली येत नाही. पक्षाघात झालेल्या माणसाकडे चांगल्या हाताच्या बाजूने जा. दुबळ्या हाताला काम द्यायचं असेल तर ते फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरूनच. दिसत नसेल तर कुत्रा कुठे आहे ते बोलून सांगा आणि त्यांचा हात पाठीवर ठेवून द्या, तोंडाजवळ नको. अंथरुणावर असलेल्यांकडे तुमची चादर पांघरुणावर टाका आणि लहान कुत्रा तिच्यावर ठेवा. मोठा कुत्रा खालीच, पलंगाला टेकून. लघवीची पिशवी, ऑक्सिजनची नळी, सलाईन कोणत्या बाजूला आहे ते पाहून त्याच्या विरुद्ध बाजूला उभे राहा. कुत्र्याला तोंड चाटू देऊ नका, आणि हातावर जखम असेल तर हातही नाही.

प्रत्येक भेटीआधी आणि नंतर सॅनिटायझर, तुमच्या हातांना आणि त्यांच्याही. तो पूर्ण वाळल्यावरच कुत्रा जवळ आणा; त्या उग्र वासाने बरेच कुत्रे तोंड फिरवतात आणि आजींना वाटतं, मी याला आवडत नाही.

खाऊ हा सगळ्यात मोठा धोका. चहाबरोबरचं बिस्किट, शिऱ्यातला बेदाणा, लेकाने आणलेलं चॉकलेट, सगळं मायेने पुढे केलं जातं. बेदाणे आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक आहेत, चॉकलेट आणि कांदा विषारी, आणि बिनसाखरेच्या काही च्युइंगममधलं झायलिटॉल रक्तातली साखर झपाट्याने खाली आणतं. ‘नको’ म्हटलं की त्यांना वाईट वाटतं, म्हणून तुमचाच खाऊ त्यांच्या हातात द्या: भाजलेल्या कोंबडीचे हरभऱ्याएवढे तुकडे, चालत नसेल तिथे गाजर. सपाट तळहातावर, किंवा हात थरथरत असेल तर लांब चमच्यात. पलंगाखाली पडलेल्या गोळ्या याहून वाईट. पेनकिलर किंवा रक्तदाबाची एक गोळीही लहान कुत्र्याला पुरते. ‘सोड’ पक्कं हवं ते यासाठी, आणि पलंगाजवळ जाण्याआधी खाली नजर टाकायची तीही यासाठीच.

बोलायला विषय शोधावा लागत नाही. ‘तुमच्याकडे होता का कुत्रा?’ एवढं विचारलं की पुरे. नवी मुंबईत साताऱ्या-सांगलीकडून आलेली माथाडींची कुटुंबं आहेत, त्यांच्या बोलण्यात मेंढरांमागची कुत्री येतात; आगरी-कोळी घरांत दारावरची. स्मृतिभ्रंश झालेल्या आजी तुमच्या ब्रूनोला ‘मोती’ म्हणाल्या तर तो मोतीच. दुरुस्त करू नका, आणि ‘मोती आता नाही’ हे तर चुकूनही बोलू नका. कुणी रडायला लागलं तर घाईने कुत्रा काढून घेऊ नका. त्यांचा हात त्याच्या पाठीवर असू द्या, तुम्ही गप्प राहा. रडणं वाढत गेलं तर सिस्टरना बोलवा.

फोटो काढून सोशल मीडियावर टाकायचा मोह आवरा. त्या व्यक्तीने आणि आश्रमाने लेखी परवानगी दिली असेल तरच काढा. आई वृद्धाश्रमात आहे हे बऱ्याच घरांनी नातेवाइकांना सांगितलेलं नसतं.

कधी थांबायचं

झोप आलेली नसताना जांभई, खाऊ नसताना ओठ चाटणं, डोळ्यांच्या कडेचं पांढरं दिसणं, एक पंजा उचलून धरणं, पुन्हा पुन्हा अंग झटकणं, गारव्यातही धापा, दरवाजाकडे किंवा तुमच्या पायांमागे जाणं. यातलं एक दिसलं तर बाहेर पाच मिनिटांची विश्रांती. दोन दिसली तर भेट संपली, यादीत तिघे उरले असले तरी. आपल्या लोकांना इथेच संकोच होतो: ‘त्या वाट पाहतायत, एवढी एक खोली करू.’ ती एक खोली नको. स्वतः पुन्हा आत जाऊन ‘आज तो दमला, पुढच्या वेळी पहिल्यांदा तुमच्याकडे’ असं सांगा, आणि पुढच्या वेळी खरंच पहिल्यांदा तिथे जा.

दात किंवा नख लागलंच तर जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची, सिस्टरना सांगायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. लस घेतलेला कुत्रा आहे म्हणून निर्णय तुम्ही घेऊ नका. या पिढीच्या डोक्यात पोटातली चौदा इंजेक्शनं घट्ट बसलेली असतात. ती पद्धत केव्हाच बंद झाली, आता लस दंडात देतात आणि सरकारी दवाखान्यांत ती ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी मिळते, हे शांतपणे सांगा. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं आणि प्रशिक्षकाने पुन्हा पारखेपर्यंत भेटी बंद.

घरी आल्यावर पंजे आणि अंग ओल्या फडक्याने पुसा, चादरी गरम पाण्यात धुवा, कुत्र्याला झोपू द्या. दोन तासांहून जास्त मलूल राहिला किंवा जेवला नाही, तर पुढची भेट निम्मी करा. एका वहीत तारीख, वेळ, कोण भेटलं, कुत्रा कुठे थकला एवढं लिहीत जा. चार-पाच भेटींत दिसून येतं की तो नेमका कोणत्या खोलीनंतर किंवा कितव्या मिनिटाला कंटाळतो. दहीहंडी, गणपती विसर्जन आणि दिवाळीच्या आसपासचे दिवस सोडून द्या. रात्रभर फटाक्यांनी जागलेला कुत्रा दुसऱ्या दिवशी कामाचा नसतो.

पुढच्या भेटीला निघण्याआधी सिस्टरना फोन करा. कुणी इस्पितळात असेल, कुणी गेलेलं असेल, ते दारात उभं राहून कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं; शेजारच्या पलंगावरच्यांना त्या दिवशी कुत्रा हवा असतो की नको, हेही फोनवरच ठरतं. कुत्रा आठ-नऊ वर्षांचा झाला, टाइल्सवर उठताना मागचे पाय थरथरायला लागले किंवा हार्नेस पाहून तो कोपऱ्यात जायला लागला, की काम थांबवा. थांबवताना दोन भेटी आधी सांगा आणि शेवटच्या भेटीला प्रत्येकाकडे जा. त्यानंतर कुत्र्याशिवायही त्याच वारी गेलात तर कुणी हाकलून देत नाही.